खुर्चीतल्या गृहस्थाचा रकाना

खुर्चीवरून आजवर जी भांडणं झाली त्यांत राज्यं बुडाली, घराणी संपली, सख्खे भाऊ एकमेकांचे वैरी झाले. तरी त्या सगळ्या भांडणांत एक गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य असे, ती म्हणजे खुर्चीत बसलेला माणूस काहीतरी करतो आहे. या मूळ समजुतीलाच हात घालणारं इतिहासातलं पहिलं भांडण एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांच्या घरात झालं. खुर्ची वेताची होती. तीसुद्धा खरी नव्हे. एका महिला मासिकाच्या पानावर छापलेली होती आणि तिच्यातल्या गृहस्थासकट तळहातावर मावत होती.

भांडण काढणाऱ्या बाईंना अख्खी इमारत 'तक्रारबाई' म्हणत असे. त्यात निंदा नव्हती, हुद्दा होता. पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीमागे त्या बसत. लोक तावातावाने जे सांगत ते निमूट ऐकून घ्यायचं, त्यातून राग, शेजाऱ्यांच्या कागाळ्या आणि तब्येतीची गाऱ्हाणी गाळून काढायची, आणि खाली जे पाणी उरेल ते योग्य रकान्यात घालायचं : गळती, दाब कमी, गढूळ पाणी, मीटर बिघाड, इतर. हे काम इतकी वर्षं केलं की माणसाला सगळं जगच आखलेलं दिसायला लागतं. घरात वादावादी ऐन रंगात आली की बाई मध्येच हात वर करून म्हणत, "थांबा. ही गळती आहे की दाब कमी आहे, ते आधी ठरवा."

'इतर' या रकान्याचा मात्र त्यांना मनापासून तिटकारा होता. गळतीला प्लंबर जायचा, मीटरला मीटरवाला जायचा. 'इतर'ला कोणी जात नसे, कारण 'इतर'साठी माणूसच नेमलेला नव्हता. खिडकीशी आलेल्या माणसाला घालवून द्यायचं असेल तर त्याची तक्रार 'इतर'मध्ये लिहायची आणि "नोंद झाली" म्हणायचं. तो समाधानाने जातो आणि पुढची दोन वर्षं बादलीने पाणी भरतो. हे बाईंनी इतक्यांदा पाहिलं होतं की त्यांच्या खिडकीवर तो रकाना त्यांनी जवळजवळ कोराच ठेवला होता.

अशा बाईंनी संध्याकाळच्या कॉलेजात स्त्री-अभ्यासाच्या पदविकेला नाव घातलं. का घातलं, हे विचारण्यात अर्थ नाही. पन्नाशीकडे झुकल्यावर कोणी कुंड्यांत गुंततं, कोणी गुडघ्यांत. पदविकेच्या शेवटी एक प्रकल्प होता : एका महिला मासिकाचे वर्षभराचे अंक घ्या, त्यांतल्या चित्रांत बायका काय करतात आणि पुरुष काय करतात ते तपासा, आणि कॉलेजच्या मंडळासमोर वाचून दाखवा. काम साधं होतं, निदान कागदावर. कागदावर सगळीच कामं साधी असतात, म्हणून तर लोक ती कागदावर करतात.

ऑफिसात साहेबांच्या कानावर गेलं तेव्हा ते खुर्चीतून मागे रेलून म्हणाले, "बायकांची मासिकं वाचायला पदविका कशाला लागते? आमची मंडळी तशीच वाचते." सगळं ऑफिस हसलं. हसणाऱ्यांत बाईंची खिडकी पुसणारी बाईसुद्धा होती, हे त्यांना जास्त लागलं. त्या क्षणी पदविका ही हौस राहिली नाही. आता ती मिळालीच पाहिजे होती, आणि मिळेल ती कोणाच्या मेहेरबानीने नव्हे, हेही ठरलं.

जुने अंक खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंकडे मिळाले. गिऱ्हाइकांना बसल्याबसल्या चाळायला त्या ते ठेवत. त्यांनी अंक दिले, वर एकच अट घातली, की जसेच्या तसे परत हवेत. बाईंनी मान डोलावली आणि त्याच दुपारी कात्री चालवली. त्यांचंही खरं होतं. भिंतीवर चित्रं ओळीने लावल्याशिवाय त्यांना रकाने दिसत नसत.

हळूहळू बाहेरच्या खोलीची भिंत भरून गेली आणि बाई तिच्यासमोर उभ्या राहून थक्क झाल्या. बारा महिन्यांत या मासिकातली एकही बाई रिकाम्या हाताने बसलेली नव्हती. बसली असेल तर मांडीवर मूल होतं, किंवा विणकाम, किंवा सोलायचे मटार. ती जेवायला बसलेली कुठेच नव्हती, वाढत मात्र सगळीकडे होती, आणि वाढताना कानांतलं गळ्यातल्याशी जुळलेलं होतं. कपडे धुण्याच्या यंत्राकडे पाहून ती अशी हसत होती, की आयुष्यात कोणा माणसाकडे पाहून हसली नसेल. एका चित्रात ती ऑफिसला निघाली होती, पण लेख होता 'ऑफिसला जातानाही घर कसं सांभाळाल'. पुरुष दारातून आत येत होते, दारातून बाहेर जात होते आणि मधल्या वेळात चव घेऊन मान डोलावत होते.

आणि मग तो गृहस्थ होता.

'संसारातले प्रश्न' नावाच्या सल्ल्याच्या सदरावर दर महिन्याला एकच चित्र छापलं जाई. वेताच्या खुर्चीत पायावर पाय टाकून बसलेला एक बऱ्यापैकी केस शाबूत असलेला गृहस्थ, हातात कप, नजर छताच्या कोपऱ्याकडे. खाली बायकांनी लिहिलेल्या अडचणी असत. महिने बदलत, अडचणी बदलत, गृहस्थ हलत नसे.

पहिली गडबड शिवणवाल्या बाईंनी केली. त्या तरातरा जिना चढून आल्या, भिंत पाहिली आणि कपाळावर हात मारला. "अहो, तुम्ही माझी बाही कापलीत."

"कुठली बाही?"

"ह्याच्या पाठीमागे आहे ती." त्यांनी एका महिन्याचा गृहस्थ भिंतीवरून उचकटून उलटा केला. पाठीमागे खरंच फुगीर बाहीचा नमुना होता, मापांसकट. "बँकेतल्या बाईंचा एक हात शिवून झालाय, दुसरा यावरून बेतायचा आहे. मी त्यांना काय सांगू, दुसरा हात खिशात घालून फिरा?"

शिवणवाल्या बाई गृहस्थाला घेऊन गेल्या आणि दोन दिवसांनी त्यांनी तो परत दिला. कापड बेतताना त्यांनी तो कापडाला टाचला होता. कपाळात एक, छातीत दोन आणि कपाजवळ एक अशी टाचणीची भोकं घेऊन गृहस्थ भिंतीवर परतला. चेहऱ्यावर मात्र तीच तृप्ती.

तसाच तो प्रकल्पाला नेमलेल्या गाईडसरांकडे गेला. गाईडसर वयाने बाईंच्या पुतण्याएवढे होते. दाढी राखून होते आणि बायकांचे प्रश्न बायकांना फार हळुवारपणे समजावून सांगत. त्यांनी चित्र उजेडात धरलं. भोकांतून उजेड आला. त्यांनी ते जपून टेबलावर ठेवलं आणि खुर्ची थोडी मागे घेतली.

"बाई, तुमचा या विषयाकडे पाहण्याचा दृष्टिकोन… जरा तीव्र वाटतो."

"ती बाही आहे, सर."

"हो, हो. मी समजू शकतो." ते काहीच समजू शकत नव्हते, पण समजू शकणं हा त्यांच्या नोकरीचा भाग होता. "म्हणूनच सांगतो, एकट्या तुमच्या नजरेवर विसंबून चालणार नाही. आणखी एक परीक्षक हवा. त्याने तुम्हाला न विचारता सगळी चित्रं त्याच रकान्यांत घालायची. मग ताळा बघायचा. दहातल्या आठ चित्रांवर तुमचं एकमत झालं तर मी सही करतो. कसं आहे, तुम्ही स्वतः स्त्री आहात. त्यामुळे तुमचा कल स्त्रियांकडे झुकण्याची शक्यता राहते."

"आणि तुमचा?"

"मी मार्गदर्शक आहे," गाईडसर म्हणाले.

रकान्यांचं कोष्टक कॉलेजच्या मंडळाने आधीच ठरवून दिलेलं होतं : काम, सेवा, सजणं, विचार, आराम, इतर. शेवटचा शब्द वाचून बाईंच्या कपाळावर आठी पडली होती, पण तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत.

दुसरा परीक्षक फुकटात मिळेल असा एकच माणूस होता. कॉलेजच्या कारकुनाने विचारलं, "कोण?"

"आमचे यजमान."

"परीक्षक स्वतंत्र असायला हवा. यजमान स्वतंत्र आहेत का?"

"त्यांचा तसा समज आहे," बाई म्हणाल्या. कारकुनाने समज या कारणाला मुभा आहे का ते पाहिलं, नाही असं कुठे लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून शिक्का मारला.

नवरा विमा कंपनीत नुकसानीची तपासणी करत असे. जळून खाक झालेल्या गोदामात उभं राहून काय काय जळालेलं नाही ते शोधायचं, ही त्याची रोजीरोटी. तीच नजर त्याने भिंतीवर फिरवली. बायको कॉलेजात असताना त्याने रविवारपर्यंत दर संध्याकाळी थोडं थोडं करून काम उरकलं आणि कागद बायकोच्या हातात ठेवला. मटार सोलणारी बाई त्याने 'आराम'मध्ये घातली होती.

"ही आराम करते आहे?"

"हसतेय ना."

"मुलाला भरवते आहे ती?"

"तीही हसतेय. अगं, कामात असतं तर माणूस हसेल का? मी कधी हसतो का ऑफिसात?"

यावर बाईंनी त्याला टोपलीभर मटार आणून दिले आणि हसत हसत सोलायला सांगितलं. अर्ध्या टोपलीनंतर त्याने 'आराम' खोडून 'सेवा' लिहिलं. अशा रीतीने सगळ्या बायका एकेक करून आरामातून बाहेर निघाल्या. भांडण अडलं ते गृहस्थापाशी. बाईंनी त्याला 'आराम'मध्ये घातलं होतं, नवऱ्याने 'विचार'मध्ये. आणि गृहस्थ बाराही अंकांत असल्यामुळे ताळा नेमका त्याच्यावर लटकला होता.

"तो विचार करतोय," नवरा म्हणाला. हे तो खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीतून, पायावर पाय टाकून म्हणाला.

"कशाचा?"

"ते त्याचं त्याला माहीत. विचार काय दिसतो का?"

"दिसत नाही, तर तुम्ही पाहिलात कसा?"

"नजर बघ की त्याची. छताकडे आहे."

"छतावर पाल असेल."

नवऱ्याचा चेहरा उतरला. पाल त्याला व्यक्तिशः लागली. "म्हणजे मी रोज संध्याकाळी इथे बसतो, ते तुझ्या मते पाल बघत बसतो?"

"मी तुमचं नाव काढलेलं नाही," बाई म्हणाल्या, आणि घरात तीन दिवस दाब कमी झाला.

बातमी जिन्याने उतरली आणि सल्ले जिन्याने चढले. सोसायटीचे सेक्रेटरी आले. त्यांच्या मते गृहस्थ सभासदांची वाट पाहत होता, गणपूर्ती होत नव्हती. तळमजल्यावरचे डॉक्टर म्हणाले, "काय करतो ते सोडा, असं बसला तर त्याची कंबर जाणार." निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा पुसून चित्र पाहिलं आणि याने अभ्यास केलेला नाही, असा निर्वाळा दिला. शिवणवाल्या बाई म्हणाल्या, "पँट बघा. मापात चुकली आहे. उभा राहिला तर कळेल, म्हणून उठत नाही बिचारा." नणंद फोनवर म्हणाली, "माझ्या भावाने विचार करायचा की नाही, यावर आता तुझी पदविका अवलंबून का, वहिनी?" बाईंनी तिला 'गढूळ पाणी' या रकान्यात घालून फोन ठेवला.

सासूबाई इतके दिवस आतल्या खोलीत ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या, गृहस्थाकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाल्या, "त्याला चहा हवाय."

"कप आहे ना हातात, आई," नवरा म्हणाला.

"रिकामा आहे. भरलेला असता तर असा तिरका धरला असता का? दुसऱ्या कपाची वाट बघतोय मेला." मग थोडं थांबून, "मलाही हवाय."

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. बायको भिंतीकडे पाहत होती. इतक्या सगळ्या चित्रांत बायका ओतत होत्या, वाढत होत्या, पुढे करत होत्या. त्या सगळ्यांसाठी 'सेवा' हा ऐसपैस रकाना होता. पण पुढे केलेलं कोणीतरी घेत असणार ना? घेणाऱ्याला सबंध कोष्टकात जागाच नव्हती. मंडळाने ठरवलेल्या जगात बायका चहा करत होत्या आणि तो हवेत उडून जात होता. गृहस्थ 'विचार'मध्ये बसत नव्हता आणि 'आराम'मध्येही धड बसत नव्हता, याचं कारण त्याचा रकाना कोणी आखलाच नव्हता.

बाईंनी पट्टी घेतली आणि कोष्टकात एक उभी रेघ मारली. वर लिहिलं : 'आयतं मिळण्याची वाट पाहणं'.

चहा त्या दिवशी सासूबाईंनी स्वतः केला.

"हा तुझा रकाना मी भरणार नाही," नवरा म्हणाला. "स्वतंत्र आहे मी. कॉलेजचा शिक्का आहे त्यावर."

बाईंनी वाद घातला नाही. खिडकीवरच्या अनुभवाने त्यांना ठाऊक होतं, की जो माणूस गळती नाही म्हणतो त्याला तोंडाने सांगून उपयोग नसतो, ओली भिंत दाखवावी लागते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या ऑफिसातून आल्या, चपला काढल्या, नवऱ्याच्या खुर्चीत बसल्या, पायावर पाय टाकला, हातात रिकामा कप घेतला आणि छताच्या कोपऱ्याकडे नजर लावली.

नवरा आला, तो दारातच थबकला. "काय झालं?"

"काही नाही."

"कोणी गेलं का?"

"नाही."

"ऑफिसात काही झालं?"

"नाही."

"मग अशी का बसलीस?"

"अशी म्हणजे कशी?"

"अशी…" तो शब्द शोधत राहिला. "नुसती."

बाई हलल्या नाहीत. नवऱ्याने आईला हाक मारली. सासूबाईंनी येऊन सुनेच्या कपाळाला हात लावला, गळ्याला लावला, आणि ताप नाही म्हटल्यावर जास्तच घाबरल्या. ताप असता तर निदान कळलं असतं. नवरा डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि विचारलं, "जेवण जातं का?" सासूबाई म्हणाल्या, "आज केलेलंच नाही." डॉक्टरांनी मान गंभीरपणे हलवली, जणू निदान झालं. शिवणवाल्या बाई माप घेण्याची पट्टी गळ्यात तशीच घेऊन धावत आल्या आणि बाहीच्या प्रकरणाचं मनाला लावून घेऊ नका म्हणाल्या. बाही जुळली होती. सेक्रेटरींनी दबक्या आवाजात विचारलं, "जवळच्या माणसांना कळवलंत का?" मुख्याध्यापिकाबाईंनी खिडकी उघडली, कारण अशा वेळी खिडकी उघडतात.

एवढ्या गर्दीत एकालाही, चुकूनसुद्धा, असं वाटलं नाही की बाई विचार करत असतील.

खोली गच्च भरल्यावर बाईंनी नजर छतावरून खाली आणली. "लिहा," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"काय लिहू?"

"मघाशी म्हणालात ते. तो बारा महिने असा बसला, तर विचार करतोय. मी घटकाभर बसले, तर नुसती. आणि वर डॉक्टर."

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप गुंडाळला. शिवणवाल्या बाई म्हणाल्या, "माझा नवरा तर मी बसले की माझ्या मशीनवर कोपर टेकून विचारतो, मशीन बिघडलं का." मुख्याध्यापिकाबाई कोणाचंही लक्ष नसल्यासारख्या म्हणाल्या, की त्या आयुष्यात तास संपल्याशिवाय खुर्चीत बसल्या नाहीत आणि तास संपल्यावर वह्या घेऊन बसल्या. सेक्रेटरींना अचानक पंपाची आठवण झाली.

नवऱ्याने तो अपमान दोन दिवस अंगावर वागवला. तिसऱ्या दिवशी त्याने कोष्टक मागून घेतलं आणि भिंतीसमोर बराच वेळ उभा राहिला. बसला नाही, हे बाईंनी पाहिलं. "वाट बघतोय हे मान्य," तो शेवटी म्हणाला. "पण वाट बघताना तो विचारही करत असणार."

"चालेल. तेवढं सिद्ध करा."

त्याने गृहस्थाकडे पाहिलं, गृहस्थाने छताकडे. कुठूनच मदत येईना. "जळालं आहे," नवरा म्हणाला, हा त्याच्या धंद्यातला अखेरचा शब्द होता, आणि त्याने नव्या रकान्यात बाराही वेळा खूण केली.

ताळा जुळला. आता नवी अडचण उभी राहिली ती गाईडसरांकडे. ते नवा रकाना पाहून म्हणाले, "मुद्दा फार मोलाचा आहे, बाई. मी स्वतः यावर बोलत असतो. पण कोष्टक मंडळाने मंजूर केलेलं आहे. त्यात भर घालायची तर मंडळाची सभा हवी. आणि नाव जरा सौम्य करता येईल का? 'स्वीकारभाव' कसं वाटतं?"

"त्याच्या चेहऱ्याला शोभतं. खरं नाही."

"मग असं करा, सध्या त्याला 'इतर'मध्ये टाका."

बाईंचा आवाज खिडकीवरचा झाला, म्हणजे एकदम सपाट. "सर, 'इतर'मध्ये मी कोणाला टाकत नाही. एकदा तिथे गेला की तो अर्ध्या जगाच्या खुर्च्यांत बसून राहील आणि त्याच्याकडे कोणी फिरकणार नाही."

"मग मला सही करता येणार नाही."

"करू नका. मी मंडळासमोर वाचते. तिथे घ्या निर्णय."

वाचनाच्या दिवशी सभागृहात मंडळाचे तिघे पहिल्या रांगेत होते : अध्यक्ष, ग्रंथपालबाई आणि डोळे मिटून ऐकण्याची सवय असलेले एक सदस्य. मागे ऑफिसातले साहेबसुद्धा आले होते. गंमत पाहायला आलो, असं ते शेजारच्या दोघांना सांगत होते. नवरा परीक्षक म्हणून एका टोकाला इस्त्रीच्या शर्टात बसला होता.

बाईंनी चित्रं एकामागून एक दाखवली, आवाज न चढवता. मग गृहस्थ आला, भोकांसकट. "या मासिकात ओततं कोण, हे पानोपानी छापलं आहे," त्या म्हणाल्या. "प्यायलं कोणी, याला तुमच्या कोष्टकात रकानाच नाही. वर्षभर एवढं वाढलं, एवढं ओतलं, ते गेलं कुठे? आमच्या खात्यात याला गळती म्हणतात, आणि गळती आहे हे लिहिल्याशिवाय ती कोणी बंद करत नाही. मासिक निदान चित्र तरी छापतं. तुम्ही त्याला नावही दिलं नाहीत."

डोळे मिटलेल्या सदस्यांनी एक डोळा उघडला. अध्यक्षांनी घसा साफ केला. "दुसरे परीक्षक कोण? स्वतंत्र आहेत ना?"

नवरा उभा राहिला. "घरातून तसं सांगण्यात आलंय."

"तुम्हाला हा रकाना पटतो?"

"आवडत नाही," नवरा म्हणाला. "पटतो."

ग्रंथपालबाई हसल्या आणि लगेच काहीतरी लिहिण्याचं निमित्त केलं. अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, काम चांगलं आहे. पण रीत म्हणून काही असतं. आज हे 'इतर'मध्ये घालू, मी आत्ताच पास करून टाकतो, पदविका तुमच्या हातात. रकान्याचं पुढच्या सभेत बघू. नोंद घेतली आहे."

'नोंद घेतली आहे' हे वाक्य शेजारच्या खिडक्यांवर हजारो माणसांना ऐकवलं जाताना बाईंनी ऐकलं होतं. त्याचा अर्थ त्यांच्याइतका चांगला कोणालाच ठाऊक नव्हता. मागून साहेबांचा आवाज आला, "घ्या हो पदविका, कशाला ताणता."

"पदविका राहू दे," बाई म्हणाल्या. "रकाना ठेवा, मग मी खाली उतरते."

"आणि नाही ठेवला तर?"

"तर मी इथेच आहे."

त्या खरंच तिथे उभ्या राहिल्या. अध्यक्षांनी गाईडसरांकडे पाहिलं. गाईडसरांनी समजू शकत असल्याचा चेहरा केला. पाच मिनिटं गेली, मग आणखी काही गेली. नवरा उठला, आपली खुर्ची उचलली, व्यासपीठावर नेऊन बायकोच्या मागे ठेवली आणि परत येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. बाई बसल्या. दोन्ही पाय जमिनीवर ठेवून बसल्या.

"अहो, तुम्ही आता करताय तरी काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"विचार," बाई म्हणाल्या. "तुम्हाला दिसत नसेल."

एवढ्यात सभागृहाचं दार किलकिलं झालं. बाहेर टंकलेखनाचे परीक्षार्थी जमले होते आणि शिपाई किल्ल्यांचा जुडगा वाजवत उभा होता. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, दाराकडे पाहिलं, व्यासपीठाकडे पाहिलं. मग तिघांची डोकी मिनिटभर एकत्र आली.

कोष्टकात सातवा रकाना मंजूर झाला, नावासकट, एकमताने. इतिवृत्तात कारण म्हणून नोंदलं आहे ते एवढंच : सभागृह साडेचार वाजता टंकलेखनाच्या परीक्षेसाठी रिकामं करून द्यायचं होतं.